चवीने बघितलेला छळ: 'द बिगेस्ट लूजर'

अबोली | १७ ऑगस्ट २०२५, २२:१५

शुक्रवार ते रविवार सलग सुट्टी, बाहेर पाऊस, काल दिवसभर समोरच्या चौकात दहीहंडीचा डीजे. खिडक्या लावून घेतल्या आणि नेटफ्लिक्सवर परवाच आलेली 'फिट फॉर टीव्ही' ही तीन भागांची माहितीपट-मालिका एका बैठकीत संपवली. ती 'द बिगेस्ट लूजर' या अमेरिकी कार्यक्रमावर आहे. तेव्हापासून डोक्यात जे फिरतंय ते इथे ओतते आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: एनबीसीवर ऑक्टोबर २००४ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. खूप लठ्ठ माणसांना कॅलिफोर्नियातल्या एका रँचवर नेऊन ठेवायचं. रोज कित्येक तास व्यायाम, मोजूनमापून खाणं, अंगावर ओरडणारे प्रशिक्षक आणि आठवड्याच्या शेवटी काटा. ज्यांची घट कमी त्यांच्यातल्या एकाची घरी रवानगी. शेवटपर्यंत टिकून जो सगळ्यात जास्त टक्के वजन उतरवेल त्याला अडीच लाख डॉलर. २०१६ पर्यंत १७ पर्वं झाली, मग २०२० मध्ये दुसऱ्या वाहिनीवर आणखी एक.

आता कबुली. २००९ मध्ये मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला होते. एच-फोर व्हिसा, म्हणजे तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत फेऱ्या मारायच्या, फ्रोजन पराठे भाजायचे आणि टीव्ही बघायचा. दोन वर्षांत १४ किलो वाढले होते. मंगळवारी रात्री आठ ते दहा हा कार्यक्रम लागायचा आणि त्या दोन तासांत फोन वाजला तरी मी उचलत नसे. मांडीवर चकल्यांचा डबा. समोर माणसं ट्रेडमिलवर ओकतायत, रडतायत, आणि मी चकली मोडत म्हणतेय, "अगं पळ ना, अजून तीनच मिनिटं राहिलीत!"

ते आठवं पर्व होतं. पहिल्याच भागात सगळ्यांना समुद्रकिनाऱ्यावर एक मैल पळायला लावलं होतं. ज्यांना जिना चढताना धाप लागते त्यांना, वाळूत. एक बाई शेवटच्या टप्प्यात कोसळली, तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. मला तेव्हा काय वाटलं ते आठवतंय. काय जबरदस्त सुरुवात केलीय, असं वाटलं. लाज वाटते आता, पण वाटलं होतं खरं.

त्या पर्वाचा विजेता डॅनी केहिल. ४३० पौंडांवरून १९१ वर आला, म्हणजे १९५ किलोंवरून ८७ वर. सात महिन्यांत १०८ किलो! अंतिम भागात तो कागदी पडदा फाडून बाहेर येतो तेव्हा मी आणि नवरा दोघंही सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवत होतो. २०१६ मध्ये पेपरात त्याचा परत फोटो आला. तोपर्यंत शंभरहून जास्त पौंड परत चढले होते. आणि शास्त्रज्ञांनी मोजलं तर त्याचं शरीर त्याच्या आकाराच्या माणसाने जितक्या कॅलरी जाळायला हव्यात त्यापेक्षा रोज ८०० कमी जाळत होतं.

या सगळ्यावर बोलताना लोक प्रशिक्षकांच्या ओरडण्याबद्दल बोलतात. बॉब हार्पर, जिलियन मायकल्स वगैरे. (बॉब या मालिकेत येऊन बोललाय, जिलियन आलेलीच नाही.) मला मात्र खरा खलनायक तो काटा वाटतो. दर आठवड्याला परीक्षा, दर आठवड्याला निकाल, तोही टक्क्यांत, आणि नापासाला वर्गाबाहेर.

त्या काट्यावर कोणी आठवड्यात दोन पौंड उतरवले की संगीत बदलायचं. तो माणूस मान खाली घालायचा, टीममधले एकमेकांकडे बघायचे. आणि मी घरी बसून म्हणायची: "फक्त दोन?"

दोन पौंड म्हणजे नऊशे ग्रॅम. कुठल्याही डॉक्टरला विचारा, आठवड्याला नऊशे ग्रॅम म्हणजे उत्तम चाललंय म्हणेल. मी मात्र 'फक्त दोन' हे इतकं घोकलं होतं की त्याच वर्षी मी स्वतः चालायला सुरुवात केली, पोळ्या मोजून खाल्ल्या, पहिल्या आठवड्यात ६०० ग्रॅम उतरले आणि मी महिन्याभरात सोडून दिलं. कोणी ओरडलं नाही, कोणी घरी पाठवलं नाही. माझी मीच स्वतःला बाद केली.

तुमच्यापैकी कोणी बघायचं का हा कार्यक्रम? काय वाटायचं?

---

पोटोबा | १७ ऑगस्ट २०२५, २२:५०

चकल्यांचा डबा वाचून हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे शेव-कुरमुरे असायचे. हा कार्यक्रम पोट भरलेलं असताना बघताच येत नाही, काहीतरी तोंडात लागतंच.

आपल्याकडेही झाला होता हो हा प्रकार. २००७ मध्ये सहारा वनवर 'बिगेस्ट लूजर जीतेगा', सूत्रसंचालक सुनील शेट्टी. आमच्या बिल्डिंगमध्ये तो बघणारा मी एकटाच असेन. 'लूजर जीतेगा' या नावावरच आमचे वडील अडकले होते. हरणारा जिंकणार म्हणजे नक्की काय, हे मी त्यांना तीनदा समजावलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे निवडणुकीसारखं."

---

निशाचर | १८ ऑगस्ट २०२५, ०३:२०

डॅलसहून लिहितोय, म्हणून वेळ अशी दिसतेय.

अबोली, लेख छान, पण मी दुसरी बाजू मांडतो. हा कार्यक्रम नसता तर मी आज १०४ किलोंचाच असतो. २०११ मध्ये तो बघून मी पहिल्यांदा जिमची पायरी चढलो. त्याआधी जिम म्हणजे टी-शर्टच्या बाह्या दुमडणाऱ्या पोरांची जागा अशी माझी समजूत होती. इथे मला माझ्यासारखे, माझ्यापेक्षाही जाड लोक घाम गाळताना दिसले. त्याआधी टीव्हीवर जाडा माणूस दिसायचा तो फक्त खुर्ची मोडायला. इथे तो नायक होता. २२ किलो उतरवले मी.

आणि कोणाला बळजबरीने नव्हतं नेलं. हजारो लोक ऑडिशनला रांगा लावायचे. सज्ञान माणसं, करारावर सही करून आलेली. आता पंधरा वर्षांनी सगळे 'छळ, छळ' करतायत ते जरा सोयीचं वाटतं.

---

अबोली | १८ ऑगस्ट २०२५, ०८:०५

निशाचर, खुर्ची मोडण्याचा मुद्दा एकदम मान्य. मलाही ती माणसं आवडायचीच, म्हणून तर बघायचे.

पण नायक करतानाही त्यांना मोहाच्या खोलीत बसवायचे ते आठवतंय का? समोर डोनट, पिझ्झा, केक मांडून ठेवायचे. जो जास्त खाईल त्याला घरी फोन करायची संधी किंवा असलंच काही बक्षीस. पोरांचा आवाज ऐकायचा तर केक खा. हे नायकाला वागवणं नव्हे.

आणि सहीचं म्हणशील तर १९५ किलोंच्या माणसाला कोणी "तुला वाचवतो" म्हटलं की तो कशावरही सही करेल.

---

स्टेथो | १८ ऑगस्ट २०२५, १४:३०

ओपीडी संपवून लिहिते आहे. मुंबईत आज रस्त्यांवर गुडघाभर पाणी, पेशंट कमी, म्हणून वेळ मिळाला.

आधी काट्याची गंमत. या कार्यक्रमात पहिल्या आठवड्यात कोणी १०, कोणी १५ किलो उतरवायचं आणि दुसऱ्या आठवड्यात तीच माणसं दीड-दोन किलोंवर यायची. नियमित प्रेक्षकांना हा 'दुसऱ्या आठवड्याचा शाप' माहीत असेल. शाप वगैरे काही नसतो. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्याच्या एका ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की तो साठा आधी संपतो आणि पाणी लघवीवाटे जातं. पहिल्या आठवड्यातली मोठी घट म्हणजे बरंचसं पाणी. दुसऱ्या आठवड्यात चरबी उतरायला लागते, म्हणजे खरं काम सुरू होतं, आणि नेमकं तेव्हाच कार्यक्रमात त्यांना नापास ठरवायचे.

पहिल्या पर्वाचा विजेता रायन बेन्सन याने तर नंतर स्वतःच जाहीर सांगितलं की शेवटच्या काट्याआधी त्याने उपास केले, पाणी तोडलं, आणि लघवीतून रक्त जाईपर्यंत मजल गेली. चरबी मोजायची तर काट्यावर चरबी मोजा. पाणी मोजलंत तर माणसं पाणीच काढणार.

आता तो २०१६ चा अभ्यास. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल आणि सहकारी यांनी आठव्या पर्वाच्या १६ पैकी १४ जणांना सहा वर्षांनी परत बोलावून मोजलं. सरासरी वजन: स्पर्धेआधी १४९ किलो, स्पर्धा संपताना ९१, सहा वर्षांनी १३२. तेरा जणांचं वजन परत वाढलं होतं, चार जण तर सुरुवातीपेक्षाही जड झाले होते.

इथवर कोणालाही अंदाज होता. धक्का पुढे होता. नुसतं पडून राहिलं तरी शरीर जी ऊर्जा जाळतं, ती स्पर्धेआधी दिवसाला सुमारे २६०० कॅलरी होती. वजन उतरल्यावर २००० झाली. लहान शरीराला कमी लागणारच. पण वजन परत चढल्यावर ती वर यायला हवी होती, ती आली नाही. १९०० वरच राहिली. त्यांच्या वयाला, आकाराला जितकी हवी त्यापेक्षा सरासरी ५०० ने कमी. म्हणजे शेजारच्या तेवढ्याच जाड माणसापेक्षा यांनी रोज दोन-तीन जेवणांतल्या पोळ्या वजा करायच्या, तेही आयुष्यभर, नुसतं आहे तिथे राहण्यासाठी.

शिवाय लेप्टिन. पोट भरल्याची वर्दी मेंदूला देणारं हार्मोन. स्पर्धा संपताना ते अगदी तळाला गेलं होतं, सहा वर्षांनीही पूर्ववत नव्हतं. भूक वाढलेली आणि जाळ मंदावलेला. लोक त्यांना म्हणणार, "मनावर ताबा नाही."

---

मी_कोल्हापूरकर | १८ ऑगस्ट २०२५, १५:१०

डॉक्टर, लई भारी समजावलंसा. आमच्यात एकच म्हण हाय, तांबडा-पांढरा असल्यावर काटा कुणी बघायचा.

बाकी एवढा कुटाणा कशाला? दीक्षित डाएट करा की. दोन टाइम जेवा, ५५ मिनिटांत उरका, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. फुकटात काम. माझं ११ किलो गेलं.

---

पोटोबा | १८ ऑगस्ट २०२५, १५:१८

आला, आला! म्हटलं अजून कसा नाही आला. आता पाचव्या मिनिटाला ऋजुता दिवेकर, तूप, भात आणि आजीचं ऐका. दहाव्या मिनिटाला धागा कुलूपबंद. २०१८ मध्ये या दोन पक्षांच्या भांडणात आमच्या कुटुंबाच्या ग्रुपचे दोन ग्रुप झाले, ते अजून एक झालेले नाहीत. हलकेच घ्या.

---

अबोली | १८ ऑगस्ट २०२५, १५:४०

हात जोडते, तो विषय इथे नको. कोल्हापूरकर, अभिनंदन, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येऊन वाचेन.

---

शेवग्याची शेंग | १८ ऑगस्ट २०२५, २३:०५

नाव आयडीपुरतं आहे, गैरसमज नको.

आमच्या हिंजवडीतल्या आधीच्या कंपनीत (नाव घेत नाही) एचआरने हाच खेळ केला होता. नावही तेच. बारा आठवडे, पाच-पाच जणांच्या टीम, दर सोमवारी कॅफेटेरियात काटा आणि भिंतीवर टक्क्यांचा तक्ता. पहिलं बक्षीस स्मार्ट घड्याळ.

स्टेथो, तुम्ही पाणी म्हणालात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्या सोमवारी, सुरुवातीचं वजन घेताना, लोक काट्यावर चढण्याआधी लिटर-लिटर पाणी पिऊन आले होते. एकाने खिशात चार्जर, चाव्या, पॉवर बँक. शेवटच्या आठवड्यात बरोबर उलटं. रविवारी निर्जळी उपास, सोमवारी सकाळी ऑफिसच्या जिममध्ये स्टीम. आमच्या टीमचा एक जण तर काट्याआधी केस कापून आला. म्हणाला, पन्नास ग्रॅम का होईना.

जिंकली कोणती टीम? ज्यांचा कॅप्टन डेटा ॲनालिटिक्समध्ये होता ती. त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं की स्पर्धा टक्क्यांची आहे, किलोंची नाही, आणि त्या हिशेबाने टीम निवडली.

एक मुलगी होती, टेस्टिंगमधली. तिला थायरॉइडचा त्रास. तिची चार आठवड्यांत घट शून्य पूर्णांक काहीतरी टक्के. टीममधलं कोणी तिला काही बोललं नाही, अगदी खरं सांगतो. पण सोमवारी ती घरून काम करायला लागली. पाचव्या आठवड्यानंतर तिचं नाव तक्त्यावरून काढलं. मी त्या टीमचा कॅप्टन होतो. नाव मीच काढायला सांगितलं, सरासरी खाली येत होती म्हणून.

---

चिंचेचा कोळ | १९ ऑगस्ट २०२५, ११:२५

शेंग, शेवटचं वाक्य वाचून थांबले जरा.

मला रेचल फ्रेडरिक्सनचा भाग आठवतो. पंधरावं पर्व, फेब्रुवारी २०१४. २६० पौंडांवरून १०५ वर. जवळजवळ ६० टक्के वजन गेलं, ११८ किलोंची मुलगी पावणेअठ्ठेचाळीस किलोंची होऊन स्टेजवर आली. नाचत आली आणि कॅमेरा बॉब आणि जिलियनच्या चेहऱ्यावर गेला. दोघांचे डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. टाळ्या चालूच होत्या. दुसऱ्या दिवसापासून सगळं जग तिच्यावर तुटून पडलं, किती खंगली, किती आजारी दिसते. नंतर तिनेच म्हटलं की जरा जास्तच झालं असेल.

मला तेव्हाही वाटलं होतं, त्या मुलीने नियमाबाहेर काय केलं? सांगितलं होतं, जास्तीत जास्त टक्के. तिने काढले टक्के. बोर्डाच्या परीक्षेत शंभर टक्के काढणाऱ्या पोरीचे पेढे वाटतो आपण, तिची झोप गेली का हे विचारत नाही.

दुसरं म्हणजे आपली भाषा. माझी मुलगी सोळाची आहे. माझ्या सासूबाई तिला म्हणतात, "तब्येत सुधारलीय हो." त्यांच्या पिढीत वजन वाढणं म्हणजे सुधारणा आणि उतरणं म्हणजे वाळणं, खंगणं. त्या कौतुकाने म्हणतात, ती खोलीत जाऊन रडते. तिच्या फोनवर 'आधी' आणि 'नंतर'चेच फोटो. कार्यक्रम बंद झाला, पण ते दोन फोटो शेजारीशेजारी लावायची रीत मात्र राहिली.

---

निशाचर | १९ ऑगस्ट २०२५, १९:५०

स्टेथो, एक प्रश्न, खोचक नाही. तुमच्याच आकड्यांप्रमाणे १४९ वरून सहा वर्षांनी १३२. म्हणजे सरासरी १७ किलो कमीच की. सहा वर्षांनी १७ किलो खाली असणं हे अपयश कसं? आणि ज्यांचं टिकलं त्यांनी काय वेगळं केलं?

---

स्टेथो | १९ ऑगस्ट २०२५, २१:३०

रास्त प्रश्न. १७ किलो हे अपयश नाहीच. माझा एखादा पेशंट सहा वर्षांनी एवढा खाली असला तर मी त्याचं कौतुक करेन. पेपरवाल्यांनी बातमी अशी छापली की जणू वजन उतरवणंच व्यर्थ. हॉल यांचं म्हणणं तसं नव्हतं.

टिकलेल्यांचं उत्तर त्याच गटाच्या २०१७ च्या दुसऱ्या लेखात आहे. ज्यांनी वजन राखलं त्यांची हालचाल स्पर्धेआधीच्या तुलनेत सुमारे १६० टक्क्यांनी वाढलेली होती, ज्यांचं परत चढलं त्यांची ३४ टक्क्यांनी. खाण्यात दोन्ही गटांत फारसा फरक सापडला नाही. म्हणजे रोज साधारण ८० मिनिटं मध्यम व्यायाम. वर्षानुवर्षं, कॅमेरा नसताना, सकाळी डबे भरून झाल्यावर.

आणि गंमत बघा. ज्यांनी वजन टिकवलं त्यांचाच चयापचय जास्त मंदावलेला होता. म्हणून २०२१ मध्ये हॉल यांनी स्वतःच जुन्या निष्कर्षाचा फेरविचार केला. मंद चयापचयामुळे वजन परत येतं, एवढं सरळ ते नसावं. खूप हालचाल करणाऱ्याचं शरीर बाकीच्या खर्चात काटकसर करतं, असं त्यांनी मांडलं. घरात पोराच्या क्लासची फी वाढली की आई भाजीत काटकसर करते, तसं काहीसं. त्यामुळे 'चयापचय बिघडला, आता काही होणार नाही' असं कोणी इथून घेऊन जाऊ नये.

---

मी_कोल्हापूरकर | २० ऑगस्ट २०२५, ०९:४५

बरं, डाएटचं नाव काढत नाही. पण ओरडण्याला एवढं का लावून धरताय? आमचे पीटीचे सर तालमीत हातात काठी घेऊन उभे असायचे. शिव्या तर विचारू नका. म्हणून पैलवान घडले. लाडाने कुणाचं पोट कमी झालंय का?

---

चिंचेचा कोळ | २० ऑगस्ट २०२५, १०:३०

पैलवान घडले ते तुम्हाला दिसले. काठीमुळे ज्यांनी तालीम सोडली ते कुठे मोजले? ते आत्ता कुठेतरी चकल्या खात हा धागा वाचत असतील.

---

अबोली | २० ऑगस्ट २०२५, १०:४१

मी हजर आहे :)

कोल्हापूरकर, तालमीतला वस्ताद वर्षानुवर्षं त्याच पोरासोबत असतो. खुराक बघतो, दुखलं-खुपलं बघतो. शिवी देतो आणि संध्याकाळी मालीशही करून घेतो. इथले प्रशिक्षक ओरडायचे, पर्व संपलं की पुढच्या पर्वात पुढची माणसं. आणि ओरडतानाच मध्येच थांबून बिनसाखरेच्या च्युइंगमची तारीफ करायचे, ते आठवतंय का कोणाला? माणूस घामाघूम बसलाय आणि प्रशिक्षक त्याला सांगतोय की गोड खावंसं वाटलं तर ही अमुक कंपनीची गोळी चघळ. माझा नवरा त्या जाहिरातीच्या प्रसंगांची वाट बघायचा, विनोदी म्हणून.

तिसऱ्या पर्वातली स्पर्धक काई हिबर्ड अंतिम फेरीपर्यंत पोचलेली. ती तर त्यानंतर कित्येक वर्षं जाहीरपणे सांगत राहिली की खाण्याशी आपलं नातंच बिघडलं. तेव्हा मी तिला कृतघ्न म्हटलं होतं. आमच्या दिवाणखान्यात, मोठ्याने.

शेंग, तुम्ही लिहिलंत ते धाडसाचं आहे. ती मुलगी संपर्कात आहे का?

---

शेवग्याची शेंग | २० ऑगस्ट २०२५, २२:१०

लिंक्डइनवर आहे. वाढदिवसाला शुभेच्छा देतो, ती धन्यवाद म्हणते. त्यापुढे मी कधी गेलो नाही.

---

पोटोबा | २१ ऑगस्ट २०२५, १३:००

आता सगळं सोपं झालंय असं ऐकतो. वजन उतरवायची इंजेक्शनं आलीत ना, मार्चपासून मौंजारो आपल्याकडे मिळतंय, जूनमध्ये वेगोव्ही आलं. आमच्या ओळखीत तिघं जण टोचून घेतायत. रँच नको, काटा नको, ओरडणं नको. बॉब आणि जिलियन बेकार.

---

स्टेथो | २१ ऑगस्ट २०२५, १५:२०

औषधं चांगली आहेत, योग्य पेशंटला मी स्वतः देते. वेगोव्हीच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. पण औषध बंद केलेल्यांचं वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. शरीर तेच आहे हो, रँचवर नेलं काय आणि सुई टोचली काय. मागे खेचणारच. रक्तदाबाची गोळी बंद केली की दाब परत वाढतो, तेव्हा आपण पेशंटला आळशी म्हणत नाही.

आणि काटा नको कसा? माझ्याकडे येणारे महिन्याच्या महिन्याला काट्यावर उभे राहतात आणि पहिला प्रश्न तोच. "फक्त दोन किलो, डॉक्टर? माझ्या मेहुण्याचे सहा गेले." अबोली, तुमचं ते वाक्य आता माझ्या ओपीडीत रोज ऐकू येणार.

---

निशाचर | २३ ऑगस्ट २०२५, ०४:१५

दोन दिवस लिहू की नको करत होतो.

मी वर लिहिलंय की २२ किलो उतरवले. खरं आहे ते. पण ते २०१२ मध्ये. करोनात घरून काम सुरू झालं, चालणं बंद झालं, आणि त्यातले ९ परत आलेत. जिमचं कार्ड अजून पाकिटात आहे, दर महिन्याला पैसे कापले जातात. मित्रांना भेटतो तेव्हा अजून २२ च सांगतो. इथेही तेच सांगितलं.

---

अबोली | २३ ऑगस्ट २०२५, ०७:३०

फक्त नऊ?

---

निशाचर | २३ ऑगस्ट २०२५, ०७:३४

:))

झोपतो आता. सकाळी सहाला निघालो तरच चालणं होतं, त्यानंतर इथे घराबाहेर पाय ठेववत नाही.